बसते, पण जुळत नाही

बँका, विमा कचेऱ्या आणि मोठ्या कंपन्या आपले संगणक काही वर्षांनी सरसकट बदलतात. काढलेली यंत्रे जुन्या बाजारात येतात आणि त्यांतली काही देणगी म्हणून शाळांपर्यंत पोचतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ च्या अटी बरीच जुनी यंत्रे पुऱ्या करू शकत नाहीत. त्यामुळे हा ओघ वाढला तर नवल नाही. ही यंत्रे टाकाऊ नव्हेत. लिनक्स घालून ती शाळेत सुखाने चालतात. मात्र यंत्र हाती आले की पहिला प्रश्न येतो : यात थोडी सुधारणा करता येईल का?

निम्मे उत्तर आनंदाचे आहे. रॅम वाढवता येते, कारण तिचे आकार, खाचा आणि विद्युतदाब सर्व उत्पादकांनी मिळून ठरवलेले आहेत. फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती नोंद वाचकाखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद नुसते थांबावे लागते, वाचक सरकायला लागणारा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. या एका बदलाने म्हातारे यंत्र तरुण वाटू लागते, आणि खर्चही फार नाही.

उरलेले निम्मे उत्तर मात्र पॉवर सप्लायपाशी येऊन अडते. तो बिघडला तर शेजारच्या दुकानातला साधा पॉवर सप्लाय बसेल, असे आपण धरून चालतो. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचे प्रमाण मांडले. मदरबोर्डला वीज देणारा कनेक्टर त्यात २० पिनचा होता, पुढे तो २४ पिनचा झाला. कोणत्या पिनवर ३.३, कोणत्या पिनवर ५ आणि कोणत्या पिनवर १२ व्होल्ट, हे सारे ठरलेले. सुटे भाग जोडून बनवलेल्या संगणकांत हेच असते. पण नामांकित कंपन्यांच्या कचेरी-यंत्रांत ते असेलच असे नाही. डेलच्या २०१३ सालच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० या यंत्रात मुख्य कनेक्टर ८ पिनचा आहे. त्याच सुमाराच्या लिनोवोच्या काही थिंकसेंटर यंत्रांत तो १४ पिनचा आहे. काही यंत्रांचे पंखेही वेगळ्या जोडणीचे असतात. दुसरा पंखा लावला की यंत्र सुरू होताना चूक दाखवून कळ दाबायची वाट पाहत बसते. वर्गात चाळीस मुले असताना ही गंमत रोज परवडत नाही.

हे सगळे कंपन्यांनी निव्वळ गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी केले, असे म्हणणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. वर्गात मांडता येईल असे एक गणित पाहा. ३६ वॅट शक्ती ३.३ व्होल्टवर न्यायची तर सुमारे ११ अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर ३ अँपिअर पुरतात. तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्याच तारेतला अपव्यय पहिल्या रीतीत सुमारे १३ पट. म्हणून पॉवर सप्लायमधून फक्त १२ व्होल्ट आणावेत आणि बाकीचे दाब मदरबोर्डवरच, जिथे हवेत तिथे तयार करावेत, ही कल्पना शहाणपणाची आहे. तारा कमी लागतात, पेटी लहान होते.

पण याच कल्पनेसाठी इंटेलने पुढे फक्त १२ व्होल्टचे, १० पिनचे खुले प्रमाण प्रसिद्ध केले. म्हणजे फायदा मिळवण्यासाठी गुप्तता किंवा वेगळेपणा अपरिहार्य नव्हता. आमचा आक्षेप आहे तो इथे.

त्याहून मोठा आक्षेप एका जुन्या उदाहरणावर. १९९८ च्या सुमारापासून काही वर्षे डेलच्या अनेक यंत्रांत मुख्य कनेक्टर दिसायला हुबेहूब एटीएक्सचा २० पिनचा होता, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी होती. ३.३ व्होल्टच्या तारा तिथून काढून एका वेगळ्या ६ पिनच्या कनेक्टरवर नेल्या होत्या. बाजारातला प्रमाण पॉवर सप्लाय त्यात सहज बसे. चालू केला की भलत्याच पिनवर भलताच दाब जाई आणि मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय, कधी दोन्ही, जळण्याची वेळ येई.

आपल्या घरातली ५ आणि १५ अँपिअरची प्लगे आठवा. मोठ्या प्लगच्या पिना जाड, त्या लहान सॉकेटमध्ये जातच नाहीत. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आकार सांगतो की इथे हे चालणार नाही. ८ पिनचा कनेक्टर गैरसोयीचा असला तरी निदान प्रामाणिक आहे, कारण तो साध्या पॉवर सप्लायला बसत नाही. आकार तोच ठेवून अर्थ बदलणे याचे कोणतेही तांत्रिक समर्थन आम्हाला दिसत नाही.

हा झगडा तसा जुनाच. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी काढला तेव्हा त्याच्या मंडलांच्या आकृत्या पुस्तकात छापून दिल्या होत्या. त्यावरच सुट्या भागांचा सारा धंदा उभा राहिला. १९८७ साली त्याच कंपनीने पीएस/२ यंत्रांत नवी, परवान्याने बांधलेली मायक्रो चॅनेल रचना आणली. जुनी कार्डे तिच्यात बसेनात. १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी ईसा ही दुसरी रचना जाहीर केली, जुनी कार्डे चालतील अशी. मायक्रो चॅनेल तांत्रिकदृष्ट्या सरस होती, तरी टिकली नाही.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेली क्षेत्रे होती शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने. शाळेच्या टेबलावरच्या संगणकाचे नाव त्यांत वेगळे नव्हते.

तोवर शिक्षकांनी काय करावे? देणगी स्वीकारण्यापूर्वी वीज काढून झाकण उघडावे आणि मुख्य कनेक्टरच्या पिना मोजाव्यात. २४ असल्या तरी प्रमाण मांडणीची खात्री करूनच दुसरा पॉवर सप्लाय लावावा. कमी असल्या तर बाजारात अडॅप्टर केबल मिळते, पण काही मदरबोर्डांना यंत्र बंद असतानाही ५ ऐवजी १२ व्होल्ट लागतात आणि तिथे नुसत्या तारेने भागत नाही. लहान पेटीत नेहमीचा पॉवर सप्लाय मावतही नाही. पॉवर सप्लायचे स्वतःचे डबे मात्र उघडू नयेत. आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही भारित राहू शकतात. आणि यंत्रे मागायचीच तर एकाच मॉडेलची मागावीत. दहा मिळाली तर आठ मांडावीत आणि दोन सुट्या भागांसाठी कपाटात ठेवावीत.