स्वयंचलित परीक्षा आणि व्याकरणाचा निर्णय

‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या प्रकल्पाची पहिली आवृत्ती २०१५ साली निघाली. त्यातील प्रत्येक भाषेच्या अन्वयित वाक्यांचे भांडार गिट या प्रणालीत ठेवलेले असते. मराठीचेही ४६६ वाक्यांचे एक भांडार त्यात आहे. भांडारात कोणी फेरफार दाखल केला, की तपासणीचा प्रोग्रॅम आपोआप चालू होतो. त्याच्या पाच पायऱ्या आहेत. आरंभी ओळींची व दहा रकान्यांची रचना, पुढे सर्व भाषांना समान असे नियम आणि शेवटी त्या त्या भाषेचे विशेष नियम, या क्रमाने तो दोष दाखवितो. आवृत्ती निश्चित झाल्यावर तिच्यातील राखून ठेवलेल्या वाक्यांवर पदान्वय करणाऱ्या प्रोग्रॅमांची कसोटी घेतली जाते. ज्या शब्दांचा नियामक शब्द व त्याच्याशी असलेला संबंध ही दोन्ही बरोबर ठरतात, त्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे गुणांक.

ही व्यवस्था उपकारक आहे, यात शंका नाही. अनेक हातांनी लिहिलेल्या सामग्रीत एकसूत्रता राखणे केवळ डोळ्यांच्या भरवशावर अशक्यप्राय आहे. प्रश्न निराळा आहे : ही परीक्षा नेमके काय तपासते?

‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य घ्यावे. ‘मला’ आणि ‘आंबा’ या दोहोंनाही कर्ता ठरविले, तर एका क्रियापदाला दोन कर्ते म्हणून यंत्र आक्षेप घेते. दोहोंपैकी एकालाच कर्ता ठरविले, की तो आक्षेप उरत नाही. मग तो कोणताही असो. क्रियापदाचे रूप आंब्याला अनुसरते, अनुभव मात्र ‘मला’ या पदाने दर्शविलेल्या व्यक्तीचा आहे. हा वाद व्याकरणाचा आहे, आणि कसोटीपूर्वीच अन्वयकाराने तो एका बाजूने मिटविलेला असतो.

साहजिकच गुणांक हा त्या निर्णयाशी जुळण्याचा मापक ठरतो. निर्णय बदलला, तर तोच प्रोग्रॅम तेच उत्तर देऊनही गुण गमावतो. शिवाय मराठीची कसोटी अवघ्या ४७ वाक्यांची. सरासरीने एकेका वाक्याचा वाटा दोन टक्क्यांहून अधिक. तेव्हा दोन प्रोग्रॅमांतील एखाद्या टक्क्याचे अंतर प्रगती म्हणून मांडणे धाडसाचे होईल.

म्हणून प्रबंधात असे गुणांक देणाऱ्या अभ्यासकाने भांडाराची आवृत्ती तर नमूद करावीच, पण वादग्रस्त रचनांत कोणता निर्णय गृहीत धरला आहे, हेही लिहावे. दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे केलेले अन्वय कितपत जुळतात, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे. हे काम तपासणीचा प्रोग्रॅम करीत नाही. ते भाषाभ्यासकालाच करावे लागेल.