भूमिनीतीची शिडी आणि मेलेले ढोर

आल्डो लिओपोल्ड या अमेरिकन वनशास्त्रज्ञाचे 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. पर्यावरणाच्या नीतिशास्त्राची चर्चा पुष्कळदा त्यातील भूमिनीतीवरच्या निबंधापासून सुरू होते. निबंधाच्या आरंभीच फास आहे. ट्रॉयच्या युद्धावरून परतलेला ओडिसियस घरच्या डझनभर दासींना नुसत्या संशयावरून एकाच दोरीला लटकावतो. त्यात कुणाला अनीती दिसली नाही, कारण दासी ही मालमत्ता होती. लिओपोल्ड म्हणतो, पुढे नीतीचे क्षेत्र वाढत गेले. माणसामाणसांतले संबंध त्यात आले, मग व्यक्ती आणि समाज यांचे आले. आता माती, पाणी, झाडे आणि प्राणी यांनाही त्यात घेतले पाहिजे.

हा विचार मला मान्य आहे. परंतु ही शिडी या देशात लावून पाहा. इथे वरची पायरी आधी बांधली गेली आणि खालची बांधायची राहिली. गाय, नाग, पिंपळ, नदी यांना धर्माच्या कक्षेत शतकानुशतके मानाचे स्थान होते. अस्पृश्य माणसाला नव्हते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून सत्याग्रही ते पाणी प्याले, तेव्हा तळे बाटले. मग त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले! भारतीय संस्कृती मुळातच निसर्गप्रेमी आहे, असे कुणी व्यासपीठावरून सांगू लागले की मला त्या घागरी आठवतात.

पण अशा भाबड्या गौरवाचा समाचार घेणे सोपे आहे. अवघड आहे ते माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या 'धिस फिशर्ड लँड' (१९९२) या ग्रंथाशी वाद घालणे. हे लेखक पोथीनिष्ठ नव्हेत. निर्मनुष्य अरण्याचे अमेरिकन वेड आपल्याकडे आणले की रानातला गरीबच हुसकला जातो, हे गुहांनी १९८९ सालीच ठणकावून सांगितले होते. म्हणूनच त्यांनी केलेली जातीची मांडणी अधिक कठोरपणे तपासली पाहिजे. ती अशी: जातींमध्ये साधनसंपत्तीची वाटणी झालेली होती, ज्या जातीचा एखाद्या साधनावर वंशपरंपरागत हक्क, तिचे हित ते जपून वापरण्यात. दाखला आपल्याकडचाच आहे. फासेपारधी फासे लावून हरणे आणि तितर धरतात, नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर आणि घोरपड मारतात, वैदू मुंगसासारखे लहान प्राणी पकडतात. त्यामुळे स्पर्धा टळते आणि शिकारही टिकते. या व्यवस्थेतली विषमता लेखकांनी लपवलेली नाही. मात्र विषमतेचा उल्लेख करणे वेगळे आणि ती हिशेबात धरणे वेगळे.

वाटणी म्हटली की बरोबरीचे वाटेकरी आले. इथे वाटे कुणी पाडले? महाराच्या वाट्याला मेलेले ढोर आले. पारिस्थितिकीच्या भाषेत हीदेखील एक उपयुक्त जागाच. मृत जनावराची विल्हेवाट लागते, कातडे कामी येते, मांस खाल्ले जाते, वाया काही जात नाही. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा आदेश दिला. गावोगावच्या महारांनी ढोरे ओढणे नाकारले आणि त्यापायी बहिष्कार व मार सोसला. वरच्या तर्काने पाहिले तर या माणसांनी निसर्गाचा तोल बिघडवला! असा निष्कर्ष लेखक काढत नाहीत, हे खरे. पण तो काढणाऱ्याला अडवील असे त्यांच्या सिद्धान्तात मला काही सापडत नाही.

ही उणीव नीतिशास्त्राची आहे. नीतीला निवड लागते. ज्याला दुसरे काम करण्याची मुभाच नव्हती, त्याच्या काटकसरीला संयम म्हणणे हे उपाशी माणसाच्या पोटाला एकादशी म्हणण्यासारखे आहे. सवर्णांच्या हाती जमीन, विहीर आणि कुरण; उरलेले 'जपून' वापरायचे ते इतरांनी. यात जपणूक असेल, पण तिचे श्रेय जातीला देता येणार नाही.

ज्या फासेपारध्याचा दाखला दिला जातो, त्याच्यावर ब्रिटिश राजवटीने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पोलिसांच्या मनातला शिक्का गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बेकायदा ठरली. हरीण वाचले पाहिजे, यात वाद नाही. पण हरणाला संरक्षण देताना पारध्याला जमीन, घर, शाळा देण्याची जबाबदारी त्याच कायद्यात कुणावर टाकलेली नाही. पर्यावरण हा विषय आता महाविद्यालयांत सक्तीने शिकवला जातो. लिओपोल्ड शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हा प्रश्न वर्गात विचारावा. आणि पारध्याचे पोर त्या वर्गात बसले आहे का, हेही जाता जाता पाहून घ्यावे.