साडेसहा इंच कशाचे?

मुकुंदवाडीच्या रेल्वे स्थानकाकडून जालना रस्त्याकडे निघालो, की वाटेत मोबाईलची दुकाने लागतात. त्यांपैकी एका दुकानात आम्ही शिरलो आणि लहान पडद्याचा स्मार्टफोन दाखवा, असे म्हणालो. दुकानदाराने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. "लहान कोण मागतं, सर? गिऱ्हाइकालाच मोठा डिस्प्ले पाहिजे," असे म्हणत त्याने काचेवर चार फोन मांडले. त्यांतला सर्वांत लहान साडेसहा इंची होता.

दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही. पण त्यातून जे अनुमान काढले जाते ते तपासून पाहावे, असे आम्हाला वाटते. शेतात नुसती ज्वारीच पेरायची आणि मग या रानाला ज्वारीच आवडते म्हणायचे, असा हा प्रकार आहे. ज्या दुकानात लहान वस्तू ठेवलेलीच नाही, तेथे मोठ्या वस्तूचा खप हा आवडीचा पुरावा कसा होईल? विज्ञानाच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की प्रयोगात तुलनेसाठी दुसरी बाजू हवी. बाजाराच्या बाबतीत मात्र हा नियम आपण सहज विसरतो.

तरी क्षणभर मान्य करू, की लोकांना मोठा पडदा हवा आहे. मग दुसरा प्रश्न येतो : जो मिळतो तो खरोखर मोठा असतो काय?

खोक्यावर '१६.५१ सेंमी' असे छापलेले असते. (साडेसहा इंचांना २.५४ ने गुणून आलेला हा आकडा आहे. पडदा शतांश सेंटिमीटरपर्यंत मोजला, असा त्याचा अर्थ नव्हे. सार्थ अंक शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.) हे माप असते कर्णाचे. कर्ण सांगितला म्हणजे आयत सांगितला असे होत नाही, हे पायथागोरसचा सिद्धांत शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळते. त्याच कर्णावर रुंद आयतही बसतो आणि पट्टीसारखा लांबुळकाही.

काही वर्षांपूर्वी साडेपाच इंची फोन सर्रास मिळत. त्यांच्या पडद्याच्या बाजूंचे प्रमाण १६ : ९ असे. २०१७ च्या सुमारास हे प्रमाण बदलू लागले. त्या वर्षी एलजी जी ६ हा १८ : ९ प्रमाणाचा फोन आला, पाठोपाठ इतरही लांब होत गेले, आणि आज स्वस्त फोनांत २० : ९ हे प्रमाण नेहमीचे झाले आहे. आता गणित करून पाहू. साडेपाच इंची, १६ : ९ पडद्याची रुंदी येते ६.८५ सेंटिमीटर. साडेसहा इंची, २० : ९ पडद्याची येते ६.७८ सेंटिमीटर. म्हणजे 'मोठा' पडदा लहान पडद्यापेक्षा अरुंद आहे! सगळी वाढ उंचीत गेली, १२.१८ सेंटिमीटरवरून १५.०६ वर. आकार तोच राहिला असता, तर कर्ण १८ टक्के वाढल्यावर क्षेत्रफळ सुमारे ४० टक्के वाढले असते. प्रत्यक्षात ते ८३ चौरस सेंटिमीटरवरून १०२ वर गेले, म्हणजे जेमतेम २२ टक्के वाढले.

याचा परिणाम कोठे जाणवतो? शाळेच्या पाठाचे बहुतेक व्हिडिओ १६ : ९ प्रमाणात असतात. साडेसहा इंची फोन आडवा धरला, तर चित्राची उंची ६.७८ आणि रुंदी १२.०५ सेंटिमीटर भरते. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या राहतात. चित्राचा कर्ण मोजला तर तो ५.४ इंचांच्या आसपास येतो. जुन्या साडेपाच इंची फोनवर हाच पाठ पूर्ण साडेपाच इंचांत दिसत होता. पैसे एक इंच जास्त कर्णाचे मोजले आणि फळा किंचित आकसला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या अनेक घरांत एकच स्मार्टफोन होता, आणि तो आईवडिलांपैकी कोणी घरी परतल्यावर मुलांच्या हाती पडे. त्या मुलाला काय दिसत असेल, याचा हिशेब करून पाहू. समजा, आठ फूट रुंदीचा फळा चित्रात पूर्ण मावला आहे आणि गुरुजींनी पाच सेंटिमीटर उंचीची अक्षरे काढली आहेत. आडव्या फोनवर ते अक्षर अडीच मिलिमीटरचे होते. उभ्या फोनवर, आणि मुले फोन उभाच धरतात, ते १.४ मिलिमीटरचे होते. तीस सेंटिमीटरवर धरलेल्या उभ्या फोनमधले हे अक्षर वाचणे म्हणजे वर्गात अकरा मीटर मागे बसून फळा वाचण्यासारखे आहे. फोन आडवा करून भिंतीला टेकवला आणि दोन भावंडे साठ सेंटिमीटरवर बसली, तर हे अंतर बारा मीटर होते. आपल्या शाळेतला शेवटचा बाकसुद्धा इतका दूर नसतो. पडद्याचा आकडा वाढल्याने या मुलांचे काहीच सुधारले नाही. फळ्यावरचा मजकूर निम्मा करून अक्षर दुप्पट काढणाऱ्या शिक्षकाने मात्र सुधारले असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. टीव्हीच्या मानाने फोन इवलासा असतो, मग लोकांनी मोठा मागितला तर त्यात चूक काय? या शहराला टीव्हीचे माप परके नाही. पैठण रस्त्यावर चितेगाव येथे व्हिडिओकॉनच्या कारखान्यात रंगीत संच तयार होत. (ही कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.) त्या काळी घरोघर दिसणारा संच होता ५१ सेंटिमीटर, म्हणजे वीस इंचांचा. त्याची रुंदी सुमारे ४० सेंटिमीटर धरू आणि अडीच मीटरवरून पाहू. डोळ्याशी तो सुमारे नऊ अंशांचा कोन करतो. हातातल्या फोनवरचे बारा सेंटिमीटर रुंदीचे चित्र तीस सेंटिमीटरवरून सुमारे तेवीस अंशांचा कोन करते. एकट्या माणसाच्या डोळ्याला फोन त्या टीव्हीपेक्षा अडीचपट मोठा दिसतो! लहान आहे तो पडदा नव्हे, त्याच्या भोवती बसण्याची जागा. टीव्हीसमोर सहा माणसे बसत, फोनसमोर दोन माणसांचे खांदे एकमेकांना लागतात. तेव्हा 'मोठा पडदा हवा' या वाक्याचा एक अर्थ 'सगळ्यांना मिळून पाहायचे आहे' असा असावा. अर्धा किंवा एक इंच वाढवून ती इच्छा पुरी होत नाही.

दुसरा अर्थ चाळिशी ओलांडलेल्यांना विचारावा. जवळचे दिसेनासे होते, माणूस फोन लांब धरतो आणि अक्षर मोठे करून घेतो. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. ओळी दाटीने बसवता येत नाहीत. त्यामुळे उंच पडद्यावर चार ओळी अधिक दिसतात, हा खरा फायदा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. पण ओळीची लांबी रुंदीवर ठरते, आणि रुंदी वाढलेली नाही. अक्षर मोठे केले की ओळीत तीन-चार शब्द उरतात, आणि लांब जोडशब्द आला की बाकीची ओळ रिकामी राहते.

हातात मावण्याचीही गोष्ट आहे. २०१० साली स्टीव्ह जॉब्ज यांनी पत्रकारांसमोर मोठ्या फोनची टर उडवली होती. हाताच्या मुठीत न येणारा फोन कोण घेणार, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला आणि तो खपला. २०१४ साली जॉब्ज यांच्या कंपनीनेही साडेपाच इंची आयफोन काढला. जॉब्ज चुकले, असे म्हणून हा विषय बहुधा संपवला जातो. पण पुढची मापे पाहा. २०१७ चा साडेपाच इंची आयफोन ८ प्लस १५८.४ मिलिमीटर लांब व ७८.१ रुंद होता. २०१८ चा साडेसहा इंची आयफोन एक्सएस मॅक्स १५७.५ लांब व ७७.४ रुंद. कर्ण एक इंच वाढला आणि फोन तसूभर लहान झाला, कारण वाढ कडेची चौकट व खालचे बटण काढून मिळवली होती. म्हणजे हाताने सांगितलेली मर्यादा कंपन्यांनाही पाळावीच लागली.

लहान फोन काढून पाहिला, खपला नाही, असेही सांगतात. २०२० साली ५.४ इंची आयफोन १२ मिनी आला आणि २०२२ पासून ती मालिका पुढे चालली नाही. पण भारतात त्याची किंमत ६९,९०० रुपयांपासून सुरू होत होती, आणि लहान देहात बॅटरीही लहानच बसली होती. महाग आणि लवकर उतरणारा फोन कमी खपला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मुकुंदवाडीतल्या गिऱ्हाइकापुढे दहा हजारांतला, दिवसभर टिकणारा लहान फोन कोणी ठेवलाच नाही. ठेवणे परवडतही नाही. पडदे काचेच्या मोठ्या तावातून कापतात, आणि एकाच मापाचे लाखो कापले तरच स्वस्त पडतात.

जाता जाता आणखी एक गोष्ट. त्या दुकानात आमच्यासमोर एक गृहस्थ आले, त्यांच्या खिशात बटणांचा छोटा फोन होता आणि हातात मोठा. काही कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन फाटकावर ठेवावा लागतो म्हणून अनेकजण असे दोन बाळगतात. बोलायला त्यांना छोटाच बरा वाटतो, तो खिशात रुतत नाही आणि चार-चार दिवस चालतो, असे ते म्हणाले. त्यांची गणना मोठा पडदा हवा असणाऱ्यांत करायची की लहान?

शिक्षकांनी हा प्रयोग शाळेत करून पाहावा. पुठ्ठ्याचे तीन आयत कापावेत : ६.८५ गुणिले १२.१८ सेंटिमीटरचा, ६.७८ गुणिले १५.०६ सेंटिमीटरचा आणि एक लहान, आपल्या पसंतीचा. प्रत्येकावर एकाच पाठाचे चित्र त्या पडद्यावर दिसेल त्या मापात चिकटवावे, मागे खऱ्या फोनइतके वजन बांधावे आणि विद्यार्थ्यांनी ते घरोघर नेऊन आजी, आई, कामावरून आलेले वडील आणि धाकटे भावंड यांच्या हाती द्यावेत. कोणता हवा, हे आधी विचारावे आणि कशासाठी, हे नंतर. इंचांचा आकडा पुठ्ठ्यावर कोठेही लिहू नये.