झोळी, कॉट आणि जमीन : एक समीक्षा

साप्ताहिकांच्या मागच्या पानांवर पुस्तकांची परीक्षणं येतात, नाटकांची येतात, हल्ली तर मिसळीचीसुद्धा येतात. पण ज्या वस्तूवर माणूस आयुष्याचा एक तृतीयांश भाग आडवा काढतो, तिच्याकडे समीक्षकांचं लक्ष अजून गेलेलं नाही. त्यातून दोन वर्षांच्या मुलाला प्रवासात निजवायची साधनं हा प्रकार तर अगदीच उपेक्षित. ही उणीव भरून काढायचं आम्ही मनावर घेतलं आहे. आमची पात्रता विचाराल तर बी.कॉम. (दुसरा वर्ग), बँकेत 22 वर्षं कारकुनी, आणि कुठल्याही पृष्ठभागावर तीन मिनिटांत झोप लागणे. हा तिसरा गुण समीक्षेला मारक आहे, असं सौ.चं मत आहे. असो.

आमचे चिरंजीव आमच्या खात्यावर जरा उशिराच जमा झाले. त्यामुळे एलएफसीची मुदत संपायच्या आत गणपतीपुळ्याला जायचं ठरलं, तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा आणि ते दोन वर्षांचे, अशी आमची जोडी होती. बरोबर सौ. आणि माझी आई. मुक्काम चार रात्रींचा.

आता हिशेब बघा. दोन वर्षांच्या मुलाने 24 तासांत दुपारच्या झोपेसह 11 ते 14 तास झोपावं, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे चार दिवसांत किमान 44 तास जमा व्हायला हवेत. घरी हा भरणा बिनबोभाट होतो. प्रवासात मात्र जागा बदलते, अंथरुणाचा वास बदलतो, पंख्याचा आवाज बदलतो आणि खातं ओव्हरड्राफ्टमध्ये जातं. त्यावरचं व्याज कोण भरतं, ते पुढे येईलच.

सुरुवात रेल्वेने करू. कोकणकन्या रात्री मुंबई सोडते आणि पहाटेच्या सुमारास रत्नागिरीला उतरवते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि म्हणून बर्थही मिळत नाही. हवाच असेल तर पूर्ण भाडं भरा. मे 2022 मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात, खालच्या बर्थला जोडलेला घडीचा छोटा बर्थ प्रयोग म्हणून बसवला होता. लांबी सुमारे 77 सेंटिमीटर. कल्पना स्तुत्य, पण ती तान्ह्या बाळांसाठी. आमचे चिरंजीव 86 सेंटिमीटर, म्हणजे त्यांचे पाय वेटिंग लिस्टवर राहिले असते. तेव्हा ते खालच्या बर्थवर भिंतीच्या बाजूला, आणि सौ. कडेला, शेताच्या बांधासारखी. समीक्षकाला विषयापासून थोडं अंतर लागतं, म्हणून मी सगळ्यात वरच्या बर्थवर होतो. रोह्यानंतरचं मला काही आठवत नाही.

आता मुख्य कृतीकडे वळू. ती म्हणजे फोल्डिंग कॉट. सौ.च्या भावाने परदेशातून आणलेली, त्याची मुलगी मोठी झाल्यावर मोठ्या मनाने आमच्या गळ्यात मारलेली. चारी बाजूंनी जाळी, वर कठडा, खाली घडीची पातळ गादी आणि हे सगळं एका लांबट पिशवीत. पिशवीचं वजन दहा किलोच्या आसपास. चिरंजीवांचं बारा. म्हणजे झोपणारा आणि झोपण्याची सोय यांत फारसा फरक नव्हता. एक रडत होता आणि एक माझ्या गुडघ्यावर आपटत होती, एवढंच.

कॉटचा आशय साधा असला तरी तिची अभिव्यक्ती दुर्बोध आहे. लॉजवर पोचल्यावर मी ती पिशवीतून काढली आणि सरळमार्गी माणसासारखा तिचा तळ खाली दाबला. कठडे ढिलेच. पुन्हा उचलली, पुन्हा दाबली. आता दोन कठडे ताठ आणि दोन कोलमडलेले. चेक काउंटरवर आला की आधी सही पडताळायची आणि मग पैसे द्यायचे, हा क्रम 22 वर्षांत माझा चुकलेला नाही. पण इथेही क्रमच महत्त्वाचा, हे मला चाळीस मिनिटांनी कळलं. आधी चारी कठडे वर ओढून ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत अडकवायचे, आणि मगच मधला तळ खाली ढकलायचा. मिटताना बरोबर उलट : आधी तळ वर खेचायचा, मग कठडे सोडायचे. ज्याने हे शोधून काढलं तो माणूस हुशार खरा, कारण मूल आत असताना त्याच्या वजनाने तळ खालीच राहतो आणि कठडे आपोआप मिटत नाहीत. पण त्याने आपली हुशारी जरा मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती.

दुसरा आक्षेप गादीवर. ती आमच्या ब्रँचमधल्या बाकासारखी कडक होती. आई म्हणाली, “अरे, खाली एक गोधडी तरी घाल. लेकराची पाठ काय म्हणेल?” माहितीपुस्तकात मात्र ठळक बजावलं होतं की वेगळी गादी, उशी, जाड पांघरूण आत घालू नये. मऊ अंथरुणात लहान मुलाचं तोंड रुततं, आणि जादा गादी घातली की ती आणि जाळी यांच्यातल्या फटीत ते अडकू शकतं. म्हणून सपाट आणि कडक हाच गुण. इथे मी कॉटच्या बाजूने मत दिलं. आई त्या दिवसापासून तिला ‘पिंजरा’ म्हणू लागली.

चिरंजीवांना कॉट फार आवडली. झोपायला नव्हे, उभं राहायला. कठड्याला धरून ते कॅश काउंटरमागच्या कॅशियरसारखे उभे राहिले आणि रात्री साडेअकरापर्यंत आम्हा सर्वांचे व्यवहार बघत बसले. बाराच्या सुमारास त्यांनी एक पाय कठड्यावर टाकला. या कॉटा साधारण 15 किलोपर्यंतच्या मुलांसाठी असतात, पण मूल चढून बाहेर येऊ लागलं की वजन कितीही असो, ती बंद करायची असते. म्हणजे पहिल्याच रात्री आमच्या हातातली कृती कालबाह्य ठरली. दहा किलो ओझं मी रत्नागिरीपर्यंत वाहून आणलं ते एका वस्तूच्या निवृत्तीसमारंभाला.

दुसऱ्या दिवशी आईने आपल्या पिशवीतून तिचं जुनं सुती पातळ आणि सुताचा दोर काढला. “याच्यातून तुला जेजुरीला नेलं होतं,” ती म्हणाली. झोळीबद्दल समीक्षकाने नम्रतेनेच बोलावं. वजन अर्धा किलो, किंमत शून्य, घडी घालायचा क्रम नाही, आणि धुतली की पुन्हा पातळ. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी फडाच्या कडेला झाडाला बांधलेल्या झोळ्या आपण एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिल्या आहेत. पण तिच्याही मर्यादा आहेत. एक म्हणजे तिला वर काहीतरी लागतं. जुन्या घरांत तुळई असे, नंतरच्या बिल्डिंगांत निदान छताला कडी असे. लॉजच्या खोलीत मात्र पीओपीची नक्षी आणि त्यात निळा दिवा. मी खिडकीचे गज आणि कपाटाची मूठ यांच्यामध्ये दोर ताणून पाहिला. कपाट उघडलं आणि माझे तीन शर्ट झोळीत पडले. दुसरी मर्यादा गंभीर आहे. झोळीत मूल वाकून, हनुवटी छातीला टेकून पडतं, जे तान्ह्याच्या श्वासाला बरं नाही. आणि दोन वर्षांचं मूल तर त्यात उभंच राहतं. मोकळा दोर आणि उभं राहणारं मूल यांचा संयोग मला पसंत नाही. हे मी आईला भीतभीतच सांगितलं.

ती रागावली नाही. पातळाची घडी घालत म्हणाली, “झोळीचं काय घेऊन बसलास? झोळी नुसती टांगली तर कोण झोपतंय? रात्रभर दोर हलवायला लागतो.”

“मग जेजुरीला कोण हलवत होतं?”

“मीच की. तुझे बाबा दमले होते, ते झोपले.”

इथे समीक्षकाने खरं तर वही मिटायला हवी होती. पण मी तिसऱ्या कृतीकडे वळलो : जमीन. दोन्ही गाद्या पलंगावरून उतरवून भिंतीलगत खाली टाकल्या. एकीवर आई, दुसरीवर चिरंजीव आणि सौ., आणि मी पलंगाच्या नुसत्या फळीवर. मुलाला पडायला उंचीच नाही, ही जमिनीची मोठी खुबी. चिरंजीव नऊला झोपले. मी वहीत लिहिलं, ‘जमीन : दहापैकी साडेनऊ. कसलीही देखभाल लागत नाही.’ आणि तीन मिनिटांत झोपलो.

मला जाग आली ती तीनच्या सुमारास, तहानेने. खोलीतला निळा दिवा तेवढा चालू होता. चिरंजीव आडवे-तिडवे पसरले होते आणि गादी संपून बाथरूमचा उंबरा जिथे सुरू होतो, तिथे सौ. भिंतीला टेकून बसली होती. तिचा एक पाय लांब केलेला, कुंपणासारखा.

“अगं, झोपली नाहीस?”

“तो लोळत या उंबऱ्याकडे येतो. दोनदा डोकं आपटलंय.”

“आणि काल?”

“काल पिंजऱ्यातून उतरत होता ना.”

“आणि गाडीत?”

“अहो, हळू बोला. उठेल.”

माझी वही उशाशी होती. ती मी उघडली नाही. तीन रात्रींच्या तीन कृतींवर मी बारकाईने लिहिलं होतं, आणि तिन्ही चालवणारा भाग एकच होता. तो कुठल्या पिशवीत भरून आणावा लागला नव्हता, म्हणून माझ्या नजरेतून सुटला होता. लेजरमध्ये अशी चूक झाली तर मेमो मिळतो.

मी उठून उंबऱ्याशी बसलो आणि पाय लांब केला. सौ. “तुम्हाला जमणार नाही, तुम्ही झोपाल,” एवढं म्हणेपर्यंत स्वतःच झोपली. बसून जागं राहणं हे काम सोपं नाही. काउंटरवर मी रोज ते करतो, पण तिथे पलीकडे गिऱ्हाईक असतं. इथे गिऱ्हाईक दर वीस मिनिटांनी एक गिरकी घेत होतं आणि माझ्या नडगीवर डोकं आपटून परत फिरत होतं. साडेपाचला ते उठून बसलं आणि म्हणालं, “पाणी.” तांब्या पुढे केला तर मान हलवून खिडकीकडे बोट दाखवलं. समुद्र हवा होता.

आम्ही दोघे किनाऱ्यावर गेलो, देवळाच्या बाजूने चालत परत आलो, वाटेत दोन चहा आणि एक केळं झालं. साडेआठला खोलीत पाऊल टाकलं तर आई दारातच ओठांवर बोट ठेवून उभी. सौ. अजून झोपलेली होती आणि आईने तिच्या अंगावर ते झोळीचं पातळ घातलं होतं.

कॉटबद्दल एक सांगायचं राहिलं. मिटतानाचा क्रम माझा पुन्हा चुकला आणि ती काही पिशवीत परत गेली नाही. रत्नागिरीहून मुंबईपर्यंत ती अर्धवट उघडीच आली. सध्या आमच्या हॉलमध्ये उभी आहे आणि तिच्यात इस्त्रीचे कपडे झोपतात. सौ.च्या भावाचा परवा फोन आला होता. त्यांच्याकडे पुन्हा पाळणा हलणार आहे, कॉट परत हवी आहे.