‘नॅरो बोट’ आणि त्याचें यश

कालवा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें उसाचे मळे उभे राहतात. इंग्लंडांतील जुने कालवे मात्र कोळसा, मीठ, मडकीं वाहून नेणारे पाण्याचे रस्ते होते. आगगाडीनें त्यांचा धंदा हिरावून घेतला. या मरणोन्मुख वाटांवरील प्रवासाचें एल. टी. सी. रोल्ट याचें ‘नॅरो बोट’ हें पुस्तक १९४४ सालीं निघालें. तें वाचून रॉबर्ट ऐकमन यानें ग्रंथकारास पत्र लिहिलें, १९४६ सालीं कालव्यांच्या रक्षणासाठीं संस्था स्थापन झाली, आणि पुढें कोरड्या पात्रांतून पुन्हां पाणी खेळूं लागलें. पुस्तकाची थोरवी सांगतांना टीकाकार बहुधा या पाण्याकडे बोट दाखवितात. मला हा निकष चुकीचा वाटतो.

पाणी परत आणणें सोपें नव्हे, हें खरें. केनेट-एव्हन कालवा १८१० सालीं पुरा झाला, १८५२ सालीं रेल्वे कंपनीच्या हातीं गेला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्यावरील सलग वाहतूक थांबली. डिव्हायझेसची टेकडी तो २९ लॉक्सच्या पायऱ्यांनीं चढतो. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधील हौद. नाव चढो कीं उतरो, हौदभर पाणी खालीं निसटतें. तळाच्या मळलेल्या चिकणमातीला तडा गेला कीं उरलेलें जमीन पिते. स्वयंसेवकांनीं वर्षानुवर्षें चिखल उपसला, तेव्हां कोठें १९९० सालीं हा कालवा सबंध खुला झाला. १९९६ पासून पंप तेंच पाणी पुन्हां चढावर नेतात.

परंतु रोल्टचें मन नावाड्यांत गुंतलें होतें. गुलाब नि किल्ले रंगविलेल्या चिमुकल्या केबिनींत संसार थाटणारीं तीं कुटुंबें म्हणजे या पुस्तकाचा प्राण. दोषहि आहेत. यंत्रयुगावर कोरडे ओढणारा हा लेखक स्वतः शिकलेला यंत्रज्ञ, आणि त्याच्या ‘क्रेसी’ नावेला फोर्डचें एंजिन! हा विरोध त्यानें नीट उलगडला असता तर पुस्तक अधिक खोल झालें असतें. पण नावाड्यांविषयींची त्याची माया अस्सल आहे. प्रत्येक कालवा वाचवावा हा ऐकमनचा हट्ट. आधीं चालता धंदा नि त्यांतलीं माणसें जगवावींत, हें रोल्टचें म्हणणें. १९५१ सालीं त्याला स्वतःच उभारलेल्या संस्थेबाहेर पडावें लागलें. १९६२-६३ च्या हिवाळ्यांत कालवे गोठले आणि अरुंद नावांची उरलीसुरली मालवाहतूकहि बहुतेक संपली.

केनेट-एव्हन खुला झाला तेव्हां रोल्टला जाऊन सोळा वर्षें झालीं होतीं. आज तेथें पाणी आहे, सुटी घालविणाऱ्यांच्या नावा आहेत, नावेंतच घर करणारीं माणसेंहि आहेत. कोळशाची खेप घेऊन जाणारें तें कुटुंब मात्र ‘नॅरो बोट’च्या पानांतच भेटतें. वाचकानें नकाशा बाजूस ठेवून तीं पानें आधीं वाचावींत.