कोंड्याचा मांडा

पाकशास्त्रावरील ग्रंथांचे परीक्षण करण्याची प्रथा आपल्या मासिकांत फारशी नाही. असे ग्रंथ घरोघरी असतात, त्यांच्या पानांवर हळदीची बोटे उमटलेली असतात. पण वाङ्मयाच्या कपाटात त्यांना जागा मिळत नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा न्याय योग्यच आहे. कृती सांगणे हे त्यांचे काम. ती साधली की पुस्तकाचे प्रयोजन संपले. परंतु या ग्रंथसमूहाची एक शाखा अशी आहे की तिच्याकडे टीकाकाराने दुर्लक्ष करू नये. घरात जे असेल त्यात भागवावे कसे, हे सांगणारी पुस्तके ती. इतर पाकग्रंथांत आधी साहित्याची यादी येते. या पुस्तकांत आधी परिस्थिती येते. परिस्थिती आली की तिला तोंड देणाऱ्या माणसाचा स्वभाव आला, आणि स्वभाव आला की वाङ्मयाची हद्द सुरू झाली.

इंग्रजीत या शाखेची परंपरा जुनी आहे. तिच्यातील दोन पुस्तके येथे विचारासाठी घेतली आहेत. दोन्ही अमेरिकन स्त्रियांची असून त्यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. आणि गंमत अशी की ‘खरी काटकसर’ हा एकच शब्दप्रयोग दोघींनी अगदी निरनिराळ्या अर्थांनी योजला आहे.

पहिले पुस्तक लिडिया मारिया चाइल्ड यांचे ‘द फ्रूगल हाउसवाइफ’. ते 1829 साली बोस्टन येथे प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच्या तिसाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. चाइल्डबाईंचे पती वकील असले तरी पैशाच्या व्यवहारात कच्चे होते. संसार कर्जात, आणि लेखणी हेच त्यातून वर येण्याचे साधन. ज्यांना काटकसरीची लाज वाटत नाही अशांना त्यांनी हे पुस्तक अर्पण केले आहे. त्यांच्या मते गृहव्यवस्थेतील खरी काटकसर म्हणजे तुकडे वेचण्याची कला होय; पदार्थांचे तुकडे वेचावयाचे तसे वेळेचेही. दोरीचा लहानसा तुकडा, शिळ्या पावाचा कोपरा, मुलांच्या हातांतील रिकामे अर्धे तास, यांतील काहीही वाया जाऊ द्यावयाचे नाही. भाषा रोखठोक, वाक्ये आटोपशीर, उपदेश जागोजाग. वाचताना एखाद्या करारी आत्याबाईसमोर बसल्यासारखे वाटते. ती बोलते ते सारे खरे असते. पण तिच्या पुढ्यात मोकळेपणी हसण्याचा धीर होत नाही.

तरीही या करारीपणाला कोतेपणा म्हणता येणार नाही. याच बाईंनी 1833 साली गुलामगिरीविरुद्ध एक जळजळीत ग्रंथ लिहिला. त्यामुळे बोस्टनमधील अनेक प्रतिष्ठितांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली व त्यांच्या पुस्तकांचा खप घसरला. ज्या लेखणीवर घर चालत होते तीच त्यांनी तत्त्वासाठी पणास लावली. दोऱ्या जपून ठेवणारी बाई आपली मिळकत मात्र उधळू शकली, आणि तीही योग्य जागी! तुकडे वेचावयाचे ते कंजूषपणाने नव्हे, तर कोणाचे मिंधे राहावे लागू नये म्हणून, हा त्या पुस्तकाच्या पाठीमागचा अर्थ लेखिकेच्या चरित्रावरून उलगडतो.

दुसरे पुस्तक मेरी फ्रान्सिस केनेडी फिशर यांचे ‘हाऊ टु कुक अ वुल्फ’; म्हणजे ‘लांडगा शिजवावा कसा’. दारिद्र्य आले, उपासमार जवळ आली, की इंग्रजी बोलणारा मनुष्य लांडगा दाराशी आला असे म्हणतो. फिशरबाई म्हणतात, आलाच आहे तर त्याला पातेल्यात घाला! पुस्तक 1942 साली निघाले. अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती, आणि त्याच वर्षी तेथे साखरेवर नियंत्रण आले. इंग्लंडात तर 1940 सालच्या जानेवारीपासूनच शिधापत्रिका चालू होत्या. त्या पुढे 1954 सालच्या जुलैपर्यंत चालल्या. तेथील अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावाने बटाटे, गाजरे, फुलकोबी व ओटचे पीठ यांचा एक बिनमांसाचा ‘पाय’ सरकारने लोकांपुढे मांडला आणि लोकांनी तो नाके मुरडीत खाल्ला. सरकारी पत्रके सांगत : हे खा, यात राष्ट्राचे हित आहे. फिशरबाईंचा सूर याच्या नेमका उलट आहे. त्या सांगतात : खावयाचे ते आपल्या जिभेला व आपल्या बुद्धीला पटेल असे खा, पैसा कमी आहे म्हणून माणुसकी कमी करू नका.

पुस्तकाची बहुतेक प्रकरणे ‘कसे’ या प्रश्नानेच सुरू होतात. पाणी उकळावे कसे, अंडे कसे उकडू नये, उपाशी असूनही प्रसन्न राहावे कसे, जिवंत राहावे कसे. या शेवटच्या प्रकरणात एका अत्यंत साध्या लगद्याची कृती आहे. खिशात काही नसेल तर पन्नास सेंट उसने आणा. त्यांतून थोडे खिम्याचे मांस, थोडे भरडलेले अख्खे धान्य व उरलेल्या पैशांची स्वस्त भाजी घ्या. सारे एकत्र शिजवा, आणि त्यावर दिवस काढा. हा पदार्थ रुचकर आहे असा आव लेखिका आणत नाही. रंगाने तो खिन्न, रूपाने ओबडधोबड. पण देह चालता ठेवतो. खोटा उत्साह कोठेही नाही. उपदेशपर वाङ्मयात हा गुण दुर्मिळ आहे.

त्यांची व्यावहारिक शिकवणही ऐकण्याजोगी आहे. दिवसाच्या तिन्ही जेवणांत प्रत्येक वेळी सर्व पोषकद्रव्ये आलीच पाहिजेत, या त्या काळच्या आहारतज्ज्ञांच्या आग्रहाची त्या थट्टा करतात व सांगतात, तोल एकेका ताटाचा नव्हे, अख्ख्या दिवसाचा सांभाळा. भाज्या शिजवलेले पाणी फेकू नका. जिनच्या रिकाम्या बाटलीत भरून थंड जागी ठेवा व सारासाठी वापरा. भट्टी एकदा तापवली की ती एकाच पदार्थासाठी जाळू नका. कडेला सफरचंदे तरी भाजून घ्या. बिनलोण्याच्या, बिनअंड्यांच्या ‘युद्धकेक’ची कृती त्या देतात. त्यात डुकराच्या मांसाची उरलेली चरबीही चालते, कारण दालचिनी व इतर मसाल्यांमुळे तिची चव झाकली जाते. आज हा केक आपणास फारसा भुरळ घालीत नाही, पण तो प्रामाणिक आहे, असा त्यांचा अभिप्राय. घरी पाव करण्यावरचे प्रकरण तर या पुस्तकाचे हृदयच होय. कणीक मळण्याने मनातील कुविचार जितके निघून जातात तितके योगासनांनी वा ध्यानधारणेनेही जात नाहीत, असे त्या म्हणतात. आपल्याकडील ज्या गृहिणीस रोज दोन्ही वेळा परातभर कणीक मळावी लागते तिचा यावर काय अभिप्राय पडेल तो पडो; पण कंटाळवाण्या श्रमातही मनाला विसावा सापडू शकतो, ही दृष्टी खोटी नाही.

हे सारे वाचताना मराठी वाचकाच्या ओठांवर हसू आल्यावाचून राहणार नाही. कारण यातील पुष्कळसे शहाणपण आपल्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे वेळलेले पाणी म्हणजे कट. त्याची आमटी पुरणपोळीच्या पंक्तीला मानाने बसते. जिनच्या बाटलीतील पाण्याला हा मान कधी मिळाला नाही! दोडक्याच्या शिरांची तीळखोबरे घालून चटणी, दुधी भोपळ्याच्या सालींची चटणी, शिळ्या भाताला फोडणी, शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गूळतूप घालून लाडू, तूप कढवल्यावर उरलेली बेरी, या सर्वांचा जन्म टाकाऊतून झाला, आणि आज त्यांतील कित्येक मुद्दाम मागून खाल्ले जातात. आपल्या घरात भट्टी नव्हती. पण भानोल्याच्या भांड्याखाली निखारे व झाकणावर निखारे ठेवून भाजण्याची युक्ती होती, आणि स्वयंपाक आटोपल्यावर विझत चाललेल्या विस्तवावर वांगे भाजून घेण्याचे तारतम्यही होते. कोंड्याचा मांडा करणे ही म्हण ज्या भाषेत आहे, तिच्या लोकांना ही विद्या सातासमुद्रापलीकडून शिकावी लागत नाही.

मग आपल्या भाषेत असे पुस्तक का नाही? पाकग्रंथ आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 साली निघाले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून वाटी-चमच्याच्या मापाने हजारो नवशिक्या गृहिणींना धीर दिला. दुर्गाबाई भागवतांच्या ‘खमंग’मध्ये विद्वत्ता व चव एकत्र नांदतात. परंतु नसण्यातून करण्याचा, त्या वेळी मनात काय चालते त्याचा, निबंध आपल्याकडे क्वचितच लिहिला गेला. तो सापडतो तो पाकग्रंथांत नव्हे, आत्मचरित्रात. 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त, पती हातचे सर्व देऊन टाकीत असता रिकाम्या डब्यांपुढे उभी राहिलेली जी गृहिणी दिसते, तीच फिशरबाईंची खरी मराठी भगिनी होय. तिचा विनोद तक्रार झाकत नाही, आणि तिची तक्रार विनोद मारीत नाही.

आपल्या मौनाचे कारण, आमच्या मते, लाज हे आहे. उरल्यासुरल्याचे काय केले हे बाहेर सांगणे म्हणजे घरची उणीव वेशीवर टांगणे, अशी समजूत होती. त्यामागे एक अधिक कडू सत्यही आहे. आपल्या घरांतील काटकसर पुष्कळदा कृतीने साधलेली नसून एका व्यक्तीच्या पोटाने साधलेली असे. सर्वांची पाने उठल्यावर गृहिणी जेवावयास बसे. आमटी संपलेली असली तर ताकावर भागवी, आणि सकाळची शिळी पोळी तर तिच्याच वाट्याची. घराचा हिशेब जुळे. कारण वजाबाकी नेहमी एकाच ताटातून होई. या व्यवस्थेला आपण त्याग हे नाव दिले आणि विषय संपवला. आज ती पूर्वीइतकी सार्वत्रिक नाही. पण पुरती नाहीशी झाली आहे असे कोणत्या घराने छातीवर हात ठेवून म्हणावे?

फिशरबाईंचे सर्वांत मोठे श्रेय येथेच आहे. त्यांच्या पुस्तकातील स्वयंपाक करणारी स्त्री स्वतः भुकेली आहे आणि ती भूक तिला मान्य आहे. ती इतरांबरोबर बसते, तेच खाते, आणि जेवण बरे झाले की स्वतःवर खूष होते. 1941 साली लेखिकेच्या दुसऱ्या पतीचे दीर्घ आजारानंतर निधन झाले होते. पुढच्याच वर्षी हे पुस्तक आले. दुःखातही देहाला अन्न हवे असते, आणि ते नीट दिले पाहिजे, ही जाणीव पुस्तकात जागोजाग पाझरते. चाइल्डबाईंची गृहिणी घर वाचवते. फिशरबाईंची गृहिणी घराबरोबर स्वतःलाही वाचवते.

दोष मात्र स्पष्ट सांगितले पाहिजेत. हा लांडगा बहुतांशी खिडकीतून पाहिलेला आहे. ज्या घरात जिनची बाटली रिकामी होते, त्या घरातली टंचाई ही सर्वांची टंचाई नव्हे. पुस्तक निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1943 साली, बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नाविना मेली. त्यांच्यापैकी कोणाला पाककौशल्य कमी पडले नव्हते. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात ज्यांनी मिलो ज्वारीवर व कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले, त्यांनाही युक्त्या शिकवण्याची गरज नव्हती. घरात जे असेल त्यात भागवा, या उपदेशात घरात काहीतरी असेल हे गृहीत आहे. जेथे ते नाही तेथे प्रश्न चुलीचा राहत नाही. तो बाजाराचा, मजुरीचा व राज्यकारभाराचा होतो. पन्नास सेंटांच्या लगद्याचे प्रकरण या सीमेपर्यंत पोचते, आणि तेथून पुस्तक पुन्हा सुखवस्तू घराकडे वळते.

अखेरचे प्रकरण ‘खरी काटकसर’ या नावाचे आहे, आणि त्यात मलई, लोणी, अंडी व मद्य यांनी ओथंबलेल्या कृती दिल्या आहेत! काही वाचकांस हा विक्षिप्तपणा वाटेल. आम्हांस तो पुस्तकाचा योग्य समारोप वाटतो. ज्याला सुबत्तेची चव आठवते तोच टंचाईत चव राखू शकतो. आठवण मेली की काटकसरीचे रूपांतर कद्रूपणात होण्यास वेळ लागत नाही. 1951 साली नवी आवृत्ती काढताना फिशरबाईंनी जुन्या मजकुरात चौकटी कंसांत टिपा घातल्या. कोठे स्वतःस खोडले, कोठे स्वतःस हसल्या. सिद्धान्त बदलण्याची ही तयारीच त्यांना उपदेशकांच्या रांगेतून उचलून लेखकांच्या रांगेत बसवते. ऑडेनसारख्या कवीने त्यांच्या गद्याची वाखाणणी केली ती उगीच नव्हे.

आजच्या वाचकाला या पुस्तकांचा उपयोग काय, असा प्रश्न येईल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील साठ टक्के घरांतून गेले. उपासमारीची सीमा ओलांडून आलेल्या घरांत आता फ्रीजच्या मागच्या कप्प्यात भाज्या कुजतात. अशा वेळी आजीच्या हातची शिरांची चटणी केवळ स्मरणरंजनाचा विषय राहू नये. मराठीत ही विद्या कोणीतरी लिहून ठेवावी. कृतींसह, आणि त्या कोणत्या दिवशी, कोणत्या अडचणीत, कोणी उपाशी राहून सुचल्या त्या हकिकतींसह. लिहिणारीने एवढीच काळजी घ्यावी की तिच्या पुस्तकात स्वयंपाक करणारीचे पानही पहिल्या पंगतीतच मांडलेले असेल.