लूपच्या आत काय, बाहेर काय

आज समीक्षा करायची आहे ती पुस्तकाची नाही, एका फोल्डरची. फोल्डर माझाच आहे, तेव्हा कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. त्यात गेवराई तालुक्यातल्या महसूल मंडळांच्या पावसाचे आलेख आहेत. आपलं चकलांबा मंडळही त्यात आलं. जून ते सप्टेंबर, रोजचा पाऊस, प्रत्येक मंडळाची वेगळी फाईल.

हे एकेक करून काढत बसलं तर दिवस जातो. म्हणून पायथनमध्ये फॉर लूप लिहायचा. मंडळाचं नाव घे, त्याचे आकडे उचल, आलेख काढ, सेव्ह कर, पुढच्याकडे जा. चार-पाच ओळींचं काम.

पहिल्यांदा चालवला तेव्हा फोल्डरमध्ये एकच फाईल सापडली. का? तर फाईलचं नाव मी ठरावीक ठेवलं होतं. प्रत्येक नवा आलेख आधीच्यावर लिहिला गेला, आणि संगणकानं एका शब्दानं विचारलं नाही. मग मंडळाचं नाव फाईलच्या नावात घातलं. आता सगळ्या फाइली आल्या, पण पहिल्यात एक रेघ, दुसऱ्यात दोन, शेवटच्यात नुसता गुंता. प्रत्येक फेरीला नवा कोरा आलेख उघडायचा आणि सेव्ह झाल्यावर बंद करायचा, हे राहून गेलं होतं.

या दोन चुका बऱ्या, कारण त्या दिसतात. फोल्डर उघडलं की कळतं. खरी तक्रार पुढे आहे.

समजा, एका मंडळात हंगामातला सर्वांत मोठा पाऊस ४० मिलिमीटर, दुसऱ्यात १२०. दोन्ही चित्रांत तो सुळका सारख्याच उंचीचा दिसतो! कारण मॅटप्लॉटलिब उभ्या अक्षाचं माप त्या-त्या आलेखाच्या आकड्यांवरून ठरवतं. अक्षावर आकडे असतात, मान्य. पण दोन चित्रं शेजारी ठेवली की माणूस उंची बघतो. आणि आपल्याकडे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे ४० आणि १२० मध्ये शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईचा प्रश्न उभा आहे, आणि माझं चित्र म्हणतं, दोन्ही सारखेच.

उपाय सोपा आहे. सगळ्या मंडळांतला सर्वांत मोठा आकडा लूपच्या आधी काढायचा, तेच माप प्रत्येक आलेखाला लावायचं, आणि ६५ वर एक आडवी रेघ मारायची. पण त्यातही नुकसान आहे बघा. समान मापात पाच मिलिमीटरची सर दिसेनाशी होते, आणि उगवणीच्या दिवसांत कापसाला तीच सर जगवते. म्हणून मी दुसरा संच काढला, १ जूनपासूनच्या बेरजेचा. पावसात खंड पडला की त्यात रेघ आडवी होते, लांबून कळते.

शेवटचा दोष सर्वांत वाईट. काही दिवसांची नोंदच नव्हती. त्या रिकाम्या जागी मी शून्य भरलं होतं. नोंद नसणं आणि पाऊस नसणं एक झालं! लूपनं निमूटपणे कोरडे दिवस काढून दिले.

विल्यम प्लेफेअरनं १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचा आलेखसंग्रह काढला. चाळीसहून अधिक आलेख, तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले. स्कॉटलंडची मात्र एकाच वर्षाची आकडेवारी हाती होती. वर्षानुवर्षांची रेघ काढता येईना, तर त्यानं तिथं पट्ट्या काढल्या. आकडे अपुरे आहेत म्हणून तो थांबला आणि त्यानं चित्राची पद्धत बदलली. लूप थांबत नाही. थांबायला आपणच सांगावं लागतं: नोंद नसेल तर जागा मोकळी सोड, आणि किती दिवसांची नोंद नाही ते शीर्षकात लिही.

तर माझा निकाल असा. लूपला दोष नाही, तो सांगितलं तेवढंच करतो. जे सगळ्या गावांना समान हवं, माप आणि ६५ ची रेघ, ते लूपच्या बाहेर एकदाच ठरवा. जे ज्याचं त्याचं, नाव, आकडे, गाळलेले दिवस, ते आत ठेवा. आणि फाइली तयार झाल्या की निदान आपल्या मंडळाची तरी उघडून बघा. त्या पावसात आपण भिजलेलो असतो. चित्र खोटं बोलत असेल तर ते आधी आपल्यालाच कळेल.